वरलक्ष्मीअक्कांच्या पेटीतले टाळ

कडकोळ गाव मागं पडलं आणि मला सणकून भूक लागली. वरलक्ष्मीअक्कांच्या हातातला डबा घेऊन मी वरचं झाकण उघडलं. आत चित्रान्न, म्हणजे आपला लिंबूभात, नव्हतं. धुतलेल्या रुमालाच्या घडीत वाटीएवढा एक स्पीकर बसवून ठेवला होता.

"अय्यो, बोट लावू नका, वहिनी!" अक्का रस्त्याच्या कडेलाच किंचाळल्या. "मधल्या त्या टिकलीला बोट लागलं की संपला तो. चित्रान्न खालच्या खणात आहे. वरचा खण त्याचा."

"जेवणाच्या डब्यात स्पीकर कोण आणतं हो?"

"मग पिशवीत कोंबू? डबा कसा कडक असतो. दबत नाही, हलत नाही. लग्नाला जाताना तुम्ही नथ कशात नेता? डबीतच ना? झालं तर मग."

चिंचेच्या एका झाडाखाली बसलो. मी चित्रान्न खाल्लं आणि अक्का एका हातानं घास घेत दुसऱ्या हातानं वरचा खण सांभाळत बसल्या. बाजूनं ट्रक गेला की डब्यावर पदर धरायच्या, धूळ जाऊ नये म्हणून.

म्हैसूरहून नंजनगूडला चालत येईन, असं मी नंजुंडेश्वराला बोलले होते. मुलीचं बाळंतपण अवघड होतं, ते सुखरूप पार पडलं. कार्तिकातला सोमवार धरून निघायचं ठरवलं. यजमान म्हणाले, एकटी जाऊ नकोस. लष्कर मोहल्ल्यात आमच्या शेजारच्या वरलक्ष्मीअक्कांना सहज बोलले, तर त्या चटकन म्हणाल्या, "मी येते." मला बरं वाटलं. देवाचं नाव घेत दोघी जाऊ, असं मनात आलं. पण शहराबाहेर पडेपर्यंत कळून चुकलं की अक्कांचं काम नंजुंडेश्वराकडं नव्हतं, गंगाधररावांकडं होतं. गंगाधरराव म्हणजे त्यांच्या जुन्या कारखान्यातले स्टोअरकीपर. नंजनगूडला राहतात. त्यांच्या घरी या डब्यातल्या स्पीकरसारखाच दुसरा मिळेल, अशी खबर अक्कांना लागली होती.

"मग रेल्वेनं का नाही गेलात? अर्ध्या तासात पोचला असता."

"तुम्ही चालत जाणार आणि मी खिडकीतून हात हलवू? बरं दिसतं का? आणि खरं सांगू, वहिनी? घरात बसून माझं डोकं फिरलं होतं. चालताना सुचतं. तुम्ही नाव घ्या, मी बोलत राहते. देवाला दोन्ही ऐकू येतं."

मी जप करत होते आणि त्या बोलत होत्या. शेवटी जप थांबवून मी ऐकू लागले, कारण गोष्टच तशी होती.

आता अक्कांबद्दल सांगते.

अक्का रंगारी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज कधी इकडं आले ते त्यांनाही ठाऊक नाही. घरात बोलतात मराठी, पण दर दोन वाक्यांनी कन्नड येतंच. मी विट्याची, मराठी शाळेत शिकलेली, देवळातली भजनं म्हणत वाढलेली. सुरुवातीला त्यांचं बोलणं ऐकून मला हसू यायचं. आता माझ्याच तोंडून "साकु" निघतं आणि माझी बहीण फोनवर विचारते, साकु म्हणजे काय? पुरे म्हणजे साकु, बाई.

अक्कांचे वडील गुंडुराव साड्या रंगवायचे, लाकडी ठशांनी कापडावर छपाई करायचे. परसात मोठाले हंडे होते. ते काम बंद पडलं तेव्हा अक्का तरुण होत्या. त्या नंजनगूडच्या एका कारखान्यात लागल्या. रोज सकाळच्या गाडीनं जायचं आणि टेबलाशी बसून रेडिओच्या पाट्यांवर सोल्डर करायचं. पुढं कारखाना बंद झाला. अक्कांचा हात मात्र बंद झाला नाही. मोहल्ल्यातल्या कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, कुणाचा रेडिओ त्यांच्या ओट्यावर येऊन पडलेला असतो. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "आधी जमलं नाही, आणि जमायला लागलं तेव्हा मला वेळ नव्हता." आता साठीला आल्या आहेत. केसाला मेंदी, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि ब्लाउजला कायम एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला, दुसऱ्या बायका सेफ्टीपिन अडकवतात तसा.

घरात त्या आणि त्यांच्या आई, जमुनाबाई. भावाचं घर मागच्याच गल्लीत. त्याची मुलगी चैत्रा येऊन-जाऊन असते.

जमुनाबाई ऐंशीच्या पुढच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मोहल्ल्यातल्या जुन्या बायका सांगतात, विठ्ठलाच्या देवळात बायकांचं भजन असायचं तेव्हा जमुनाबाई पुढं बसायच्या आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. शेजारी रुक्मिणीबाई टाळ धरायच्या. रुक्मिणीबाई गेल्या, मंडळ मोडलं, डोळे गेले. जमुनाबाई गप्प झाल्या. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा चार शब्द तरी बोलायच्या. गेल्या वर्षभरात तेही कमी झालं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. जेवायला उठवलं की "नको" आणि झोपायला सांगितलं की "हं". डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, काही दुखत नाही, मनानंच मिटून घेतलंय.

अक्कांना तेच लागलं. "डोळे गेले ते माझ्या हातात नव्हतं, वहिनी. पण कान चांगले असून आई अशी पडून राहते म्हणजे काय? काहीतरी कानात घातलंच पाहिजे तिच्या."

आणि घालायला काहीतरी होतं. गुंडुरावांनी देवळातलं भजन एकदा कॅसेटवर घेतलं होतं. अक्कांनी शोधून काढलं. चैत्रानं ते फोनवर उतरवून दिलं. अक्कांनी मोठ्या हौसेनं फोन आईच्या कानाशी धरला. जमुनाबाईंनी क्षणभर ऐकलं आणि हातानं फोन ढकलला. "डब्यात कोंबड्या ओरडतायत," म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या.

"झाला अपमान!" अक्का हसून सांगत होत्या. "पण नोडी, बघा वहिनी, कोंबड्या का असेना, आई बोलली! त्या महिन्यातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं ते."

मग त्यांना माळ्यावरच्या पेट्या आठवल्या.

चपलांच्या खोक्यापेक्षा मोठ्या, सागवानी रंगाच्या दोन स्पीकर पेट्या. पुस्तकाच्या फळीवर मावतील एवढ्या. गुंडुरावांनी हौसेनं घेतल्या होत्या. कंपनीच्या नावाची पट्टी कधीच पडून गेली होती. माळ्यावरून काढल्या तेव्हा एकीत झुरळांची अंडी आणि दुसरीत उंदरानं ओढून नेलेली चिंधी निघाली. चैत्रा म्हणाली, "अत्ते, फेकून दे. नवा ब्लूटूथ स्पीकर मागवू." अक्का म्हणाल्या, "तुझा ब्लूटूथ तुलाच ठेव. हे माझ्या बापाचे आहेत."

इथून पुढं आमच्या मोहल्ल्याला कळायचं ते अक्कांच्या ओट्यावरून. मी भाजीला निघाले की रोज तिथं काहीतरी नवीन उलगडून पडलेलं असायचं.

मोठ्या स्पीकरच्या कागदी कोनाला कडेनं स्पंजची गोल पट्टी असते, तिच्यावर कोन पुढं-मागं हलतो. ती पट्टी इतक्या वर्षांत सडली होती. बोट लावलं की शिळ्या केकसारखा भुगा पडायचा. अक्कांनी कानातल्या मळासारखा तो भुगा काडीनं कोरून काढला. रबराची नवी पट्टी मागवली आणि गोंदानं चिकटवली. पण चिकटवताना कोन जरा जरी वाकडा बसला तर आतली तारेची गुंडाळी लोखंडाला घासते. म्हणून आईच्या जुन्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या कापून त्यांनी गुंडाळीभोवती खोचल्या. गोंद वाळला की काढायच्या. "आईचं गुडघ्याचं दुखणं कामाला आलं बघा," म्हणाल्या. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच दाबून डोळे मिटून घासल्याचा आवाज येतो का ते बघायच्या. बाळाच्या टाळूवर हात ठेवतात ना, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

मग पेटीतले जुने कपॅसिटर बदलले. बारीक आवाज छोट्या स्पीकरकडं पाठवायचा आणि जाड आवाज त्याच्यापासून अडवायचा, हे त्यांचं काम. जुने वाळून गेले होते. त्या जागी जास्त चांगले घातले, तारा जाड घातल्या, मागं पितळी नवे स्क्रू लावले. बाजारातून कापूस आणून, पिंजून पेटीच्या आत लावला. जुन्या वस्तूला नुसतं जिवंत करायचं नव्हतं त्यांना, पहिल्यापेक्षा तगडी करायची होती. "बाबांनी घेतली तेव्हा बेसिक मॉडेल होतं, वहिनी. आता टॉप मॉडेल होणार."

आणि शेवटी पुढचं कापड. पेटीच्या तोंडावर कापड ताणून बसवतात, स्पीकर झाकायला. मूळचं कापड उंदरानं खाल्लं होतं. रंगाऱ्याची मुलगी ती, बाजारातलं कापड लावेल? चांगलं सुती कापड आणलं, स्वतः रंगवलं, डाळिंबी. वडिलांचा कोयरीचा लाकडी ठसा ट्रंकेतून काढला आणि दोन्ही पेट्यांवर काळ्या रंगात कोयऱ्यांची ओळ छापली. इतकं देखणं झालं की मोहल्ल्यातल्या बायका कापड कुठल्या दुकानातलं म्हणून विचारायला लागल्या. लाकडी चौकटीवर ताणून, गोंद लावून, बारीक खिळे मारून त्यांनी ते पक्कं केलं. स्पीकर सगळे पेटीच्या मागच्या बाजूनं बसतात, त्यामुळं पुढचं पुन्हा उघडायची वेळच येणार नव्हती.

पेट्या आईच्या खाटेसमोर ठेवल्या. अक्कांनी नवी साडी नेसली होती, मला बोलावलं होतं. भजन सुरू झालं. फोनवरच्या कोंबड्या कुठल्या कुठं गेल्या. मृदंग असा घुमला की माझ्या पोटात जाणवला. जमुनाबाई उठून बसल्या! अक्कांनी माझा हात घट्ट धरला.

जमुनाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मृदंग आहे. बाजाची पेटी आहे. मी आहे, तोंडात लाडू धरून गात्ये. टाळ कुठं आहेत?"

"आहेत की गं आई. जरा बारीक आहेत..."

"नाहीत. रुक्मिणी माझ्या कानाशी बसायची. तिचे टाळ मला कळणार नाहीत? टाळाशिवाय भजन मला ऐकवू नको, वरू. मेल्यासारखं वाटतं." आणि परत भिंत.

तेव्हापासून अक्कांची झोप उडाली. आई एकदा उठून बसली होती. पुन्हा बसेल ती टाळ ऐकले तरच, हे त्यांना आता पक्कं ठाऊक झालं होतं. मागचं फळकूट उघडून स्पीकर टेबलावर काढले, वाजवले, तर टाळ स्वच्छ! पेटीत बसवले की गायब. कपॅसिटर परत बदलले. कापूस काढला, परत भरला. टेबलावर टाळ, पेटीत नाही. "म्हणजे छोट्या स्पीकरचा दम कमी पडतोय," असं शेवटी त्यांनी ठरवलं. "जवळ ऐकलं तर येतो, पेटीत गेला की धाप लागते. म्हातारा झालाय. तसाच नवा आणायला पाहिजे." आणि म्हणून डब्याचा वरचा खण.

"काय वाटतं वहिनी, मिळेल ना?" चिंचेखालून उठताना त्यांनी विचारलं. शाळकरी मुलीसारखे डोळे चमकत होते.

"नंजुंडेश्वर बघेल."

"तो बघेल हो. गंगाधरराव दाखवतील का, ते विचारतेय."

नंजनगूडचं गोपुर दिसलं तेव्हा माझे पाय भरून आले होते, आणि अक्का मात्र पुढं पळत होत्या. कपिला नदीत पाय बुडवले. पाणी गार, इतकं गार की चालल्याचं सार्थक झालं. मी म्हटलं, आधी दर्शन. अक्का म्हणाल्या, आधी गंगाधरराव, ते जेवून झोपले तर? मी नुसतं बघितलं. "बरं, बरं. दर्शन," म्हणाल्या. रांगेत मात्र डबा छातीशी धरून उभ्या. पुजाऱ्यांना वाटलं नैवेद्य आहे. त्यांनी हात पुढं केला, तर अक्का दोन पावलं मागं! मी तोंडात पदर कोंबला.

देवासमोर मी माझं बोललेलं फेडलं. मुलीचं आणि बाळाचं नाव घेतलं. मग आणखी एक मागितलं. बोललेलं फेडायला जायचं आणि नवीन मागून यायचं, हे बरं नव्हे. पण मागितलं. त्या म्हातारीला तिचे टाळ ऐकू दे, एवढंच.

गंगाधररावांनी दार उघडलं आणि अक्कांना बघून एकदम ओरडले, "वरलक्ष्मी! लाइन नंबर दोन!" त्यांच्या बायकोनं कॉफी केली. त्यांचं घराणं पूर्वी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होतं. मिशा अजून फौजेतल्याच. कारखाना बंद होताना सगळ्यांनी जे टाकलं ते त्यांनी घरी आणून ठेवलं होतं. पलंगाखालून त्यांनी बिस्किटाचे पत्र्याचे डबे ओढून काढले. अक्कांनी आपला डबा उघडला. दोघं जमिनीवर बसले, आणि मग काय तो उत्साह! हा नाही, हा जाड आहे, हा बघा, अय्यो, याची टिकली चेपलीय, तो द्या, तो! शेवटी एका डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जोडी निघाली, हुबेहूब तशी. गंगाधररावांनी घड्याळाचा एक सेल घेऊन तारा टेकवल्या. टिक्! दुसऱ्याला टेकवल्या. टिक्! अक्कांनी टाळ्या वाजवल्या.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पण वाजलं की मला फोनवर ऐकव. इतकी वर्षं पलंगाखाली सांभाळलेत, माझी बायको मला रोज शिव्या देते."

"आजपासून एक शिवी कमी," आतून आवाज आला.

परतताना रेल्वेनं आलो. अक्का गाडीभर डबा मांडीवर घेऊन हसत बसल्या होत्या. डब्यात आता तीन स्पीकर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटपून गेले तेव्हा बसवून झाले होते. चैत्राही कॉलेजला जाता जाता थांबली होती. खाटेवर जमुनाबाई भिंतीकडं तोंड करून. अक्कांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि भजन लावलं.

मृदंग. पेटी. तोंडात लाडू धरलेला आवाज. मी कान ताणले. टाळ नव्हते.

अक्कांनी आवाज वाढवला. मृदंग वाढला. टाळ नाहीत. बंद केलं. अक्का खाली बसल्या, फरशीवर, पाय पसरून, जमिनीकडं बघत. मला त्यांच्याकडं बघवेना. चैत्रा म्हणाली, "साकु, अत्ते. केलंस तेवढं खूप केलंस."

आणि खाटेवरून आवाज आला, "आण इकडं."

"काय आई?"

"ती पेटी आण. माझ्याजवळ ठेव. नुसतं वाजवतेस, हातात देत नाहीस."

मी आणि चैत्रानं एक पेटी उचलून खाटेवर ठेवली. जमुनाबाईंनी हात फिरवला. लाकडावरून, कडेवरून, मग पुढच्या कापडावरून. बोटं थांबली. एकेका कोयरीवरून अंगठा फिरला.

"तुझ्या बापाचा ठसा."

"हो."

अंगठा फिरत राहिला. मग त्यांनी नखानं कापड खरवडलं. टरर्र असा कडक आवाज झाला. जमुनाबाईंचा चेहराच बदलला. इतक्या महिन्यांत मी त्या चेहऱ्यावर राग बघितला नव्हता. आता बघितला आणि मला आनंद झाला.

"याला खळ कुणी दिली?"

"मी," अक्का म्हणाल्या. "तांदळाची. तीनदा दिली, चांगली दाट. बाबा म्हणायचे ना, खळ दिल्याशिवाय आपल्या घरातून कापड बाहेर जायचं नाही."

"साडीला! गिऱ्हाइकाच्या साडीला म्हणायचे ते!" म्हातारी खाटेवर ताठ बसली होती. "कापड उभं राहावं, छाप उठून दिसावी म्हणून. हे काय साडी आहे? सगळी भोकं बुजवलीस याची. बघ." त्यांनी वाकून कापडाला तोंड लावलं आणि जोरानं फुंकर मारली. "माझा वारा माझ्याच तोंडावर परत येतोय. रुक्मिणीचे टाळ कुठून बाहेर येतील?"

अक्कांनी दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. "अय्यो देवा! टेबलावर वाजतं, कारण टेबलावर कापड नाही! स्पीकरवर संशय, कपॅसिटरवर संशय, कापसावर संशय. बाहेरून आणलेल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला हो मी, वहिनी. कापड तर घरचं. घरच्यावर कोण संशय घेईल?"

"नंजनगूडपर्यंत चाललीस," जमुनाबाई म्हणाल्या, "आणि बादली परसात होती."

चैत्रा हसली, मग मी, मग अक्का अशा हसल्या की डोळ्यातून पाणी यायला लागलं. हसतहसत त्यांनी ब्लाउजचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चौकटीखाली घातला. गोंद आणि खिळे त्यांनीच मारलेले, सुटता सुटेनात. "किती पक्कं केलंस गं," चैत्रा ओढताना म्हणाली. "रंगाऱ्याचं काम आहे ते," अक्का दातओठ खाऊन म्हणाल्या. खट्! एक चौकट निघाली. खट्! दुसरी. मी त्या दोन्ही परसात नेल्या, बादलीत कोमट पाणी घेऊन बुडवल्या. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. डाळिंबी रंग मात्र जागचा हलला नाही, कोयऱ्याही नाहीत. गुंडुरावांची मुलगी छपाईत चुकली नव्हती.

आत आले तेव्हा अक्का भजन लावत होत्या. पेट्यांची तोंडं उघडी, मोठा काळा कोन आणि त्यावर तो पलंगाखालचा छोटा.

मृदंग आला. आणि त्याच्या अंगावर टाळ!

काय सांगू? उन्हात पितळेची घागर घासून ठेवावी आणि तिच्यावरून ऊन परतावं, तसे. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात. टाळ टाळावर पडतो तो, मग त्याची लांबणारी झणझण, मग परत. मागं कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. देवळातला पंखा ऐकू आला. जमुनाबाईंचा तरुण आवाज इतका मोकळा झाला की लाडू कुठं गेला कळलंच नाही. चैत्रा कॉलेज विसरली. अक्का दोन्ही हात गालांवर धरून उभ्या होत्या, तोंड उघडं.

"ती बघ," जमुनाबाई म्हणाल्या. "जलद घेत्ये. नेहमी जलद घ्यायची. हळू गं, रुक्मिणी!"

आणि त्या गायला लागल्या.

आवाज थकलेला, चिरलेला, पण ताल पक्का. कॅसेटमधल्या आपल्याच आवाजाच्या पुढं एक ओळ टाकली. दुसरी टाकली. मग एकदम हातानं अक्कांना खूण केली: बंद कर ते. अक्का घाबरल्या, पण त्यांनी बंद केलं. जमुनाबाईंनी मांडीवर हात आपटून ताल धरला आणि ती ओळ पुन्हा म्हटली, एकट्यानं, डोळे मिटून. ओळ संपली. हाताचा ताल चालूच. त्या थांबल्या. मान किंचित बाजूला करून, रुक्मिणीबाई जिथं बसायच्या त्या बाजूला, वाट बघत थांबल्या. भजनात पुढची बाई ओळ टाकते आणि मागच्या बायका ती उचलून धरतात, तेव्हाच पुढची ओळ येते.

चैत्रानं अक्कांकडं बघितलं. तिला शब्द येत नाहीत, तिचं मराठी जेवण-झोप-ये-जा एवढंच. अक्कांना शब्द येतात, पण त्यांनी सूर लावला की मांजरं पळतात, हे त्याच सांगतात. हाताचा ताल चालूच होता, आता जरा हळू.

अक्कांनी माझा दंड धरला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला येतं. म्हणा ना. आई थांबलीय, तुम्ही मागं म्हणा."

मी जमुनाबाईंच्या त्याच बाजूला, रुक्मिणीबाईंच्या जागी जाऊन बसले आणि ओळ उचलली.